बोकडाचं रक्त आणि माझं

विद्याची प्लेट पिवळी आली आणि माझी जांभळी.

सर दोन्ही प्लेट खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. प्लेट म्हणजे तळहाताएवढी प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यात छोट्या छोट्या खळग्यांच्या रांगा. खळग्यांत कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर आपलं औषध घालायचं आणि शेवटी एक पिवळा डाय टाकायचा. जिवंत पेशी त्या डायला जांभळा करतात. मेलेल्या काहीच करत नाहीत, डाय पिवळाच राहतो. म्हणजे पिवळं दिसलं की पेढे आणायचे, जांभळं दिसलं की कॅन्सर मजेत आहे असं समजायचं.

"विद्या, हे काम झालं बघ," सर म्हणाले. माझी प्लेट त्यांनी टेबलावर ठेवली. तिच्याबद्दल ते वाईट काही बोलले नाहीत, चांगलं काही बोलले नाहीत, काहीच बोलले नाहीत. विद्या हसत होती. मीही हसले. दात दाखवायला काय जातंय? आत माझा नुसता जळफळाट चालला होता.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. कोल्हापुरात हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टची छोटी रिसर्च लॅब होती. आम्ही दोघी तिथे प्रोजेक्टवर होतो. काम होतं कॅन्सरच्या पेशी मारणारे पेप्टाइड बनवायचं. प्रोजेक्ट संपत आला होता आणि दोघींपैकी एकीचाच पेप्टाइड पुढे मुंबईला, उंदरांवरच्या टेस्टसाठी जाणार होता. जिचा जाईल ती पुढच्या प्रोजेक्टवर राहणार. दुसरीने आपला डबा उचलायचा. सरांनी हे सुरुवातीलाच सांगितलं होतं, त्यात काही लपवाछपवी नव्हती.

मी कागलच्या कॉलेजातली परमनंट नोकरी सोडून इथे आले होते. वडिलांनी त्यावरून माझ्याशी अबोला धरला होता. आमच्या घरात परमनंट झालेली मी पहिली, आणि मीच राजीनामा देऊन आले. परत जायचं तर त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर जायचं, म्हणजे जेवढे तास शिकवू तेवढ्यापुरतीच बाई. तेही माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरांच्या शेजारी स्टाफरूममध्ये बसून.

विद्या माझी बी.एस्सी.पासूनची मैत्रीण. मंगळवार पेठेत राहायची. पहिला नंबर तिचा आणि दुसरा माझा, असं जे सुरू झालं ते एम.एस्सी. संपेपर्यंत हललं नाही. ती खवचट असती तर माझं काम सोपं झालं असतं. पण ती आपल्या डब्यातलं अर्धं थालीपीठ उचलून माझ्या डब्यात टाकायची, मला ताप आला तर माझ्या प्रयोगाला लागणारी बफरची द्रावणं बनवून ठेवायची. अशा माणसाला पाण्यात पाहायचं म्हणजे फार कष्टाचं काम. ते मी नेटानं करत होते.

आता पेप्टाइड म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पेप्टाइड ही अमिनो आम्लांची छोटी माळ. मणी एकामागून एक ओवायचे. आम्ही ते हातानेच ओवत होतो. काचेच्या नळीत रेझिनचे बारीक दाणे, त्या दाण्यांवर पहिला मणी चिकटवायचा, धुवायचं, त्याच्यावर दुसरा चिकटवायचा, परत धुवायचं. एक माळ व्हायला आठवडे जायचे. मणी वेगवेगळ्या स्वभावाचे असतात. ल्युसिन तेलकट, त्याला पाणी नको असतं. लायसिनवर पॉझिटिव्ह चार्ज असतो, त्याला पाणी आवडतं.

पण नुसते मणी कुठले घेतले यावर काही ठरत नाही. माळ कशी गुंडाळली जाते यावर ठरतं. घरातल्या लँडलाइन फोनची गुंडाळीची वायर आठवा. चांगला पेप्टाइड पेशीच्या पापुद्र्याला टेकला की तसा गुंडाळतो. त्याला हेलिक्स म्हणतात. मण्यांचा क्रम नीट बसवला असेल तर गुंडाळल्यावर सगळे तेलकट मणी एका बाजूला येतात आणि सगळे चार्जवाले दुसऱ्या बाजूला. कॅन्सरच्या पेशीचा पापुद्रा बाहेरून जरा जास्त निगेटिव्ह असतो, निरोगी पेशीचा तेवढा नसतो. त्यामुळे पेप्टाइडची पॉझिटिव्ह बाजू कॅन्सरच्या पेशीकडे ओढली जाते, मग तेलकट बाजू पापुद्र्यातल्या चरबीत घुसते, पापुद्रा फाटतो आणि पेशी मरते. यात एकच धोका. तेलकट बाजू प्रमाणाबाहेर तेलकट झाली तर तिला ओढ-बिढ काही लागत नाही. मग ती दिसेल त्या पेशीत घुसते.

विद्याने सरळसोट हेलिक्स बनवला होता. मी शहाणपणा करून माळेच्या मध्यावर प्रोलिन घातलं होतं. प्रोलिन हा ताठ मणी, तो आला की हेलिक्सला कोपरा पडतो. माझा हिशोब असा की थोडा वाकडा पेप्टाइड निरोगी पेशींना त्रास देणार नाही. हिशोब बरोबर आला. त्याने निरोगी पेशींना त्रास दिला नाही आणि कॅन्सरच्या पेशींनाही दिला नाही. इतका सभ्य पेप्टाइड मी पुन्हा पाहिला नाही.

प्लेटचा निकाल लागल्यावर विद्याने पेढे आणले. सर येईल त्या पाहुण्याला तिच्या टेबलाशी घेऊन जायला लागले. मला म्हणाले, "सुजाता, जरा विद्याचं डिझाइन बघून घे." मी ते आधीच बघून घेतलं होतं, एकदा नाही, अनेकदा. मला त्यातली चूक पाहिजे होती.

पहिला संशय मला ॲसिडचा आला. माळ तयार झाली की ती दाण्यांवरून सोडवायला एक जहाल ॲसिड वापरतात. ते नीट काढलं नाही तर थोडं पेप्टाइडबरोबर राहतं आणि पेशी त्यानेच मरतात. माणूस समजतो आपला पेप्टाइड भारी आहे. मी अगदी सहज विचारल्यासारखं विद्याला विचारलं, ॲसिड नीट काढलंस का. ती म्हणाली, काढलं तर आहेच, शिवाय स्क्रॅम्बल्डपण करून बघितलाय. स्क्रॅम्बल्ड म्हणजे तेच मणी, तेवढेच, त्याच पद्धतीने बनवलेले, फक्त क्रम विस्कटलेला. तो गुंडाळतो, पण तेलकट आणि चार्जवाले मणी सगळीकडे मिसळलेले राहतात. ॲसिडचा दोष असता तर त्यानेही पेशी मारल्या असत्या. तिच्या स्क्रॅम्बल्डने एकही खळगा पिवळा केला नव्हता. म्हणजे जे काही काम होत होतं ते मण्यांच्या रचनेनेच होत होतं. पाठ्यपुस्तकात छापावं असं उदाहरण. माझा त्या दिवशी डबा खायचा राहिला.

मग उरली रक्ताची टेस्ट. पेप्टाइड निरोगी पेशी फोडतो की नाही हे बघायला तांबड्या रक्तपेशी वापरतात. धुतलेल्या रक्तपेशींत पेप्टाइड घालायचा, थोडा वेळ ऊब द्यायची, ट्यूब मशीनमध्ये गरगर फिरवायची. पेशी शाबूत असतील तर त्या तळाला बसतात आणि वरचं पाणी नितळ राहतं. फुटल्या असतील तर पाणी लाल होतं. मोठ्या गावातल्या लॅबला यासाठी ब्लड बँकेतून माणसाचं रक्त मिळतं. आमच्याकडे परवानग्यांची कटकट नको म्हणून बोकडाचं रक्त वापरायची रीत होती. कोल्हापुरात त्याची काय टंचाई? विद्याच्या घराजवळ दौलूमामांचं मटणाचं दुकान होतं. बुधवारी आणि रविवारी सकाळी बाटलीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालून न्यायचं आणि ताजं रक्त घेऊन यायचं. दौलूमामा दर वेळी विचारायचे, "रगात एवढं नेतासा, मटान कवा न्यायचं?"

या टेस्टमध्ये विद्याचा पेप्टाइड छान पास झाला होता. तरी मला ती टेस्ट स्वतःच्या हाताने करून बघायची होती. कुणाला न सांगता. तिच्या पेप्टाइडची थोडी पूड फ्रीजमध्ये होतीच आणि आमच्या लॅबमध्ये पूड सामाईक असायची. फक्त रक्त नव्हतं. श्रावण सुरू झाला होता. दौलूमामा श्रावण कडक पाळायचे, दुकानाला महिनाभर कुलूप. दुसऱ्या दुकानात ओळख नव्हती आणि अनोळखी बाई बाटली घेऊन रक्त मागायला आली की लोक भलत्याच नजरेने बघतात. महिनाभर थांबायची माझी तयारी नव्हती. तोवर तिची पूड मुंबईला पोचली असती.

म्हणून मी शेजारच्या दवाखान्यात गेले आणि सिस्टरपुढे माझाच हात धरला.

ट्यूब फिरवून बाहेर काढली. पाणी लाल होतं. गुलाबीसुद्धा नाही, चांगलं रसरशीत लाल. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा केली, पुन्हा लाल. माझा सभ्य पेप्टाइड शेजारच्या ट्यूबमध्ये नितळ उभा होता. मग डोक्यात प्रकाश पडला. बोकडाच्या रक्तपेशीच्या पापुद्र्यातली चरबी माणसाच्यापेक्षा वेगळी असते, अशा पेप्टाइडला ती सहजासहजी दाद देत नाही. हे आम्ही दोघींनी बी.एस्सी.ला घोकून पाठ केलं होतं. पण गल्लोगल्ली मटणाची दुकानं असलेल्या गावात राहून आमच्या लॅबला ते कधी आठवलंच नव्हतं. विद्याचा पेप्टाइड बोकडाला सुरक्षित होता. माणसाला नव्हता.

मला जो आनंद झाला तो मी इथे लिहून दाखवू शकत नाही. एम.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा झाला नव्हता. घरी जाताना मी चौकात उभी राहून दोन प्लेट भेळ खाल्ली.

विद्याला एकटीला गाठून सांगायचा विचार माझ्या मनात आला आणि गेलाही. शनिवारी सगळ्यांची मीटिंग असायची. तिथे मी ट्यूब सरांच्या पुढे ठेवली आणि म्हणाले, "सर, विद्याचा पेप्टाइड माणसाच्या रक्तपेशी फोडतोय."

"रक्त कुणाचं हे?" सरांनी विचारलं.

"माझं."

मी विद्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. इतकी वर्षं मी त्या चेहऱ्यावर जे बघायला टपले होते ते आता दिसणार होतं. तिने ट्यूब उचलली, उजेडाकडे धरली आणि विचारलं, "केवढ्या डोसला गं?"

मी सांगितलं. ती उठून फळ्याकडे गेली. हेलिक्सकडे टोकाकडून बघितलं तर मणी गोलात मांडलेले दिसतात. तसा गोल तिने काढला आणि तेलकट बाजूला खडूने रेघा मारल्या. बाजू खरोखरच रुंद होती, अर्ध्याहून जास्त गोल तिनेच खाल्ला होता.

"मी येडाच हाय," ती म्हणाली. आमच्याकडे बायका स्वतःबद्दल बोलताना बिनदिक्कत पुरुषासारखं बोलतात. "तेलकट बाजूच्या बरोबर मधी हा ल्युसिन हाय बघा सर. ह्यो काढून हितं लायसिन घालतो. बाजू मधनं तुटंल. कॅन्सरची पेशी ओढून घेतीया त्यामुळं तिथं चालंल, रक्ताच्या पेशीत घुसायचं बळ मात्र न्हाई राहणार."

सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "बरोबर." मग त्यांना माझी आठवण झाली. सुजातानं वेळेवर सांगितलं, बरं झालं, असं म्हणाले. वेळेवर हा शब्द माझ्या मनात फार दिवस राहिला.

मुंबईला पूड गणपतीच्या आधी जायला पाहिजे होती. सर म्हणाले दोघींनीही नवीन बनवा, जो बरा येईल तो जाईल. म्हणजे मला अजून संधी होती. मी माझं प्रोलिन काढून टाकलं. तिच्यासारखा लायसिन मधे घालणं मलाही जमलं असतं, पण फळ्यावर तिने काढलेला गोल सगळ्यांनी बघितला होता. तिची नक्कल करून जिंकण्यापेक्षा हरलेलं बरं, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटत नाही.

प्रोलिन गेल्यावर माझा पेप्टाइड सरळ गुंडाळायला लागला. सॅम्पल पुण्याला पाठवून माळ कशी गुंडाळते ते दाखवणारा आलेख मागवला, हेलिक्स देखणा होता. कॅन्सरच्या पेशींची प्लेटही पिवळी आली. माझी पहिली पिवळी प्लेट. विद्याने पाठीवर जोरात थाप मारली. तिची नवी प्लेटही पिवळी होती. आता सगळं रक्तावर आलं.

दोघी तयारीला लागलो तेव्हा ती माझ्याकडे आली.

"सुजे, तुझंच रगात लागणार बघ," ती म्हणाली. "जुना पेप्टाइड तुझ्या रक्तावर बघितलाय. नवा दुसऱ्याच्या रक्तावर बघितला तर तुलना कशी करायची?"

शास्त्र तिच्या बाजूने होतं. मी म्हणाले, अशक्तपणा वाटतोय. सर म्हणाले, मग सिस्टरना हिमोग्लोबिन बघू दे. सिस्टरनी बघितलं आणि सर्वांदेखत सांगितलं, "ह्या मॅडमचं रगात लई ब्येस हाय. कवा बी घ्या." विद्या शेजारी उभी राहून माझा दुसरा हात धरून होती, मला धीर द्यायला. माझ्या शिरेतून ट्यूबमध्ये रक्त उतरत होतं आणि मी मनातल्या मनात त्या रक्ताला सांगत होते की तिच्या पेप्टाइडपुढे फुटून जा बाबा, एकूण एक पेशी फुटून जा. आयुष्यात कधी देवाला नवस बोलले नाही, आमच्या घरात ती पद्धतच नाही. त्या दिवशी मात्र रक्ताला बोलले.

ट्यूब फिरल्या. माझ्या नव्या पेप्टाइडची लाल आली, विद्याच्या जुन्या पेप्टाइडसारखीच. प्रोलिनबरोबर माझा सभ्यपणाही गेला होता आणि तेलकट बाजू मोकाट सुटली होती. विद्याची ट्यूब नितळ होती. तळाशी तांबड्या पेशींचा घट्ट ठिपका आणि वर स्वच्छ पाणी, नळाला येतं त्याहून स्वच्छ. माझ्या अंगातल्या, माझ्या हाडात तयार झालेल्या पेशी, आणि त्या तिच्यासाठी इतक्या शिस्तीत बसल्या होत्या. दुसऱ्या कुणाचं रक्त असतं तर मला एवढं लागलं नसतं.

तिचा पेप्टाइड मुंबईला गेला. उंदरांत बऱ्यापैकी चालला. औषध वगैरे काही झालं नाही, कारण अशा माळा शरीरातले एन्झाइम लवकर कातरून टाकतात आणि तो प्रश्न सोडवायला पुढे बरीच वर्षं काम चालू राहिलं. ते ऐकून मला जरा बरं वाटलं होतं. विद्या लॅबमध्ये राहिली आणि पुढे सरांच्या खुर्चीत बसली. मी कागलला तासिका तत्त्वावर परत गेले. वडील बोलायला लागले, एवढा एक फायदा झाला.

जाण्याआधी एकदा मी सरांच्या केबिनमध्ये गेले होते. पेपर लिहायला घेतला होता, त्यात माझं नाव कितवं असेल ते विचारायला. बोकडाच्या रक्ताची चूक मी पकडली नसती तर हा नवा पेप्टाइड झालाच नसता, हे मी त्यांना शांतपणे सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते.

"सुजाता, तू चूक काढलीस, दुरुस्ती तिनं केली," ते म्हणाले. "पेपर दुरुस्तीचा असतोय."

पेपर छापून आला तेव्हा विद्याने एक प्रत कागलला पाठवली. लेखकांत तिचं आणि सरांचं नाव होतं. शेवटी आभाराच्या बारीक अक्षरांत माझं होतं, मानवी रक्ताचे नमुने पुरवल्याबद्दल. सायट्रेट आणि डाय पुरवणाऱ्या कंपनीच्या खालच्या ओळीत.

तरुण संशोधक कधी कधी मला सल्ला विचारतात. मी एकच सांगते. दुसऱ्याच्या कामात चूक सापडली तर ती छापून येईपर्यंत कळ काढावी. छापून आल्यावर दाखवली तर आपलं नाव होतं. आधी दाखवली तर ती दुरुस्त होते.